पांढऱ्यावर पांढरं

मामा धुराडी साफ करतो.
वाल्दिवियात वर्षातले आठ महिने
ओलं लाकूड जळतं, म्हणजे नीट जळत नाही,
नळीच्या आत डांबर होऊन बसतं.
मामा छपरावर चढतो, ब्रश खाली सोडतो,
उतरतो तेव्हा फक्त डोळे ओळखीचे असतात.

त्याची वेबसाइट मी केली.
एकोणीस वर्षांचा होतो, मला सगळं येत होतं.

पहिल्याच पानावर लिहिलं
'एकात्मिक औष्णिक उपाययोजना'.
मामानं टोपी मागे सारली,
दोनदा वाचलं, विचारलं,
हे आपण करतो का?

त्याखाली पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत
एकशे चाळीस वेळा 'धुराडी स्वस्त वाल्दिविया',
माणसाला दिसू नये, यंत्राला दिसावं म्हणून.
यंत्राला दिसलं.
त्यानं आम्हाला अकराव्या पानावर नेऊन बसवलं,
जिथं कुणीच जात नाही,
हरवलेली माणसंसुद्धा.

तरी मी थांबलो नाही.
तेरा गावांसाठी तेरा पानं केली,
निएब्ला, कोराल, पाइयाको, लोस लागोस,
मजकूर तोच, गाव तेवढं वेगळं,
छापील शोकपत्रात नाव भरावं तसं.
फोन नंबर फोटोत घातला, छान दिसत होता.
फोटोंची नावं कॅमेऱ्यानं ठेवली तीच राहिली,
चार आकडी, कैद्यांसारखी.
मग साइटचा पत्ताच बदलला, नवा जास्त ऐटदार,
आणि जुन्या दारावर
'पलीकडे राहायला गेलो' एवढी चिठ्ठीही लावली नाही.
अग्निशमन दलाच्या पोरांनी त्यांच्या पानावरून
आपणहून आमच्याकडे वाट काढून दिली होती.
ती वाट तेव्हापासून
खड्ड्यात जात होती.

जूनमध्ये, आमच्यापासून तिसऱ्या घरी,
दोन्या क्लोरिंदाच्या दारात
ओसोर्नोची गाडी उभी राहिली.
शंभर किलोमीटरवरून आलेला माणूस
तिच्या छपरावर चढला.
मामा खिडकीत उभा होता,
माते गार होईपर्यंत.
कळसा काखेतच होता.
फक्त मी त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

मी तिच्याकडे गेलो, लाज गिळून विचारलं,
तुम्ही नेमकं काय टाइप केलंत?
तिनं फोन पुढे केला:
'स्टोव्ह खोकतो धूर घरात येतो काय करू'.

खोकतो.
माझ्या अख्ख्या वेबसाइटवर
कुणीच खोकत नव्हतं.

घरी आलो तर ओर्फेलिना मामीनं
फोनखालची वही काढली.
बावीस वर्षांचे फोन, तिच्या तिरक्या अक्षरात,
लोक बोलले तसेच:
'नळीत पक्षी मेलाय बहुतेक.'
'भिंत गरम लागते, घाबरू का?'
'काच काळी होते, नवरा म्हणतो काही नाही.'
'बाळ आहे घरात, आजच येता?'
आणि प्रत्येकापुढे मामानं काय केलं,
किती घेतले,
कधी कधी: काही घेतलं नाही.

आधी मी उंदीर धरून
पान वरपासून खालपर्यंत ओढलं.
सगळं लपवलेलं निळं होऊन वर आलं,
एकशे चाळीस वेळा माझंच शहाणपण.
पुसलं.
मग सात रात्री वही टाइप करत बसलो.
मामी शेजारी, विणकाम मांडीवर.
मी शुद्ध करायला गेलो की सुई टोचायची.
जुन्या दारावर चिठ्ठी लावली.
फोटोखाली लिहिलं, यात काय आहे ते.
नंबर आकड्यांत लिहिला, साधा.

पाच आठवडे काहीच झालं नाही.
मामानं विचारलंही नाही.

सहाव्या आठवड्यात, रविवारी, जेवताना,
कोरालहून एक बाई:
तुमच्या पानावर लिहिलंय ना,
अगदी तसंच, भिंत गरम लागते.
मामा तोंडातला घास तसाच घेऊन उठला.
शिडी बांधायला लागला, पत्ता न विचारता.
पत्ता मामीनं विचारला.
मग नव्या वहीत ती बाई बोलली तसं
शब्दन् शब्द लिहून घेतलं,
आणि पेन माझ्याकडे रोखून म्हणाली,
हेही चढव.

लोस लागोसचं पान मात्र
अजून तिथं आहे.
पासवर्ड सापडत नाही.